चुलाणातली वीट का झिजते?

उसाचा हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावर सगळ्यांचे लक्ष काहिलीकडे असते. रसाला उकळी फुटते, मळी वर येते, भेंडीच्या पाण्याने ती काढली जाते, पाक तयार झाला की नाही हे गुळव्या नजरेने आणि बोटांनी पारखतो. काहिलीखालच्या चुलाणाकडे मात्र हंगाम संपल्यावरच कोणीतरी वाकून पाहते. तेव्हा दिसणारे चित्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते. जाळाच्या तोंडाजवळच्या विटा काचेसारख्या चकचकीत झालेल्या असतात, कुठे त्यांना ओघळ आलेले असतात. आतल्या बाजूच्या विटांचे टवके उडालेले असतात. सांध्यांतला माल बोट लावताच भुरभुर गळतो. मग ‘आगीने विटा खाल्ल्या’ असे म्हणून गवंड्याला बोलावणे जाते आणि तीच वीट, तोच माल वापरून चुलाण पुन्हा उभे राहते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आग खरोखरच वीट खाते काय? नीट पाहिले तर उत्तर थोडे वेगळे मिळते. योग्य वीट निवडली असेल तर चुलाणातली आग तिचे फारसे काही बिघडवू शकत नाही. तिचे खरे शत्रू तीन : राख, पाणी आणि घाई. ते विटेवर कसा हल्ला करतात हे समजले, की वीट कशी बसवावी आणि कशी राखावी याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

चुलाण चांगले असण्याने काय साधते?

आताच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात ऊस पसरला तो कालव्यांच्या पाण्यावर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवर बागायत वाढली. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे कारखाने वाढत गेले, तरी गुऱ्हाळे संपली नाहीत. कारखान्याचा बॉयलर आणि गुऱ्हाळाचे चुलाण यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी दोन्हीकडे जळते ते उसाचे चिपाडच आणि दोन्हीकडे विटेपुढचे संकटही एकच असते.

आता थोडा हिशेब करू. १०० किलो उसापासून गुऱ्हाळाच्या चरकावर साधारण ६० किलो रस निघतो. त्याचा गूळ होतो सुमारे ११ किलो. म्हणजे जवळजवळ ५० किलो पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाणी २५° से. पासून उकळीपर्यंत नेऊन त्याची पूर्ण वाफ करण्यास सुमारे २६०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ५० किलोंसाठी १,३०,००० किलोज्यूल. त्याच उसाचे उन्हात वाळवलेले चिपाड भरते सुमारे २० किलो आणि दर किलोमागे ते साधारण १५,००० किलोज्यूल, म्हणजे एकूण ३,००,००० किलोज्यूल उष्णता देते. याचा अर्थ असा, की मिळणाऱ्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक उष्णता काहिलीत पोचली तरच उसाचे स्वतःचे चिपाड त्याच्या रसाला पुरते. चुलाणाला भेगा पडल्या, त्यांतून थंड हवा आत शिरू लागली, भिंती ढासळून जाळ वाटेल तिकडे गेला, की हे गणित फसते आणि शेतकऱ्याला सरपण विकत आणावे लागते. विटेचा प्रश्न हा असा थेट खिशाशी जोडलेला आहे.

लाल वीट कुठे कमी पडते?

आपली नेहमीची लाल वीट भट्टीत साधारण ९०० ते १०००° से. तापमानाला भाजली जाते. चुलाणात चिपाडाचा जाळ जोरात असतो तेव्हा तोंडाजवळचे तापमान हजार अंशांच्या आसपास जाते. जी वस्तू ज्या तापमानाला भाजली, त्याच तापमानात तिला महिनोन्‌महिने ठेवले तर ती टिकणार कशी?

पण प्रश्न केवळ भाजण्याचा नाही, मातीचा आहे. हा सगळा प्रदेश बेसाल्ट खडकाचा. त्या काळ्या पाषाणात सिलिका आणि ॲल्युमिना यांच्याबरोबर लोह, चुना, मॅग्नेशिया यांची ऑक्साइडे भरपूर असतात. त्यापासून बनलेल्या मातीतही ती येतात, शिवाय काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात ते वेगळेच. शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांहून अधिक तापमान लागते, शुद्ध ॲल्युमिनाला २००० अंशांहून अधिक. मग हीच द्रव्ये असलेली लाल वीट १००० ते ११०० अंशांच्या पुढे का मऊ पडू लागते?

याचे उत्तर आइस्क्रीमच्या पॉटमध्ये आहे. बर्फात मीठ घातले की तो शून्याच्या खालीही वितळू लागतो. दोन पदार्थांचे मिश्रण बहुधा त्या दोघांपेक्षाही कमी तापमानाला वितळते. विटेतला चुना, लोह, सोडा आणि पोटॅश सिलिकेच्या बाबतीत हेच मिठाचे काम करतात. अशा द्रव्यांना ‘द्रावक’ म्हणतात. वीटभट्टीत जास्त तापलेल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, त्यांना आपण खंगर म्हणतो. खंगर हे द्रावकांच्या कामाचे सहज सापडणारे उदाहरण आहे.

मातीतील द्रावके नेहमी वाईटच असतात असे मात्र नाही. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी तीन हजार वर्षांहून जुनी भांडी प्रसिद्धीस आली. ती चांगली भाजलेली असून टिचकी मारल्यास धातूसारखा आवाज देतात. द्रावके असलेली माती थोड्या इंधनात घट्ट भाजली जाते, म्हणून कुंभाराला ती हवीशी असते. मडक्याला जो वर ठरतो, तोच भट्टीला शाप ठरतो, इतकेच.

विटेऐवजी काळा दगड बसवावा, असेही काहींना वाटते. पण बेसाल्ट स्वतःच ११०० ते १२०० अंशांच्या सुमारास वितळू लागतो आणि त्याआधीच तापून तडकतो. दगड कठीण आहे म्हणून तो आगीतही टिकेल, हा तर्क बरोबर नाही. कठीणपणा वेगळा आणि ताप सोसण्याचा गुण वेगळा.

उच्चतापसह वीट

बाजारात जिला ‘फायर ब्रिक’ म्हणतात ती उच्चतापसह वीट होय. ती फायर-क्ले नावाच्या मातीची बनते. या मातीत द्रावके फारच कमी असतात. दगडी कोळशाच्या थरांच्या खाली ती बऱ्याच वेळा सापडते. झारखंड, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेशातील कटनी-जबलपूर हे भाग त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

या मातीतील मुख्य खनिज केओलिनाइट. त्याच्या एका रेणुसूत्रात ॲल्युमिनाचा एक, सिलिकेचे दोन आणि पाण्याचे दोन रेणू असतात. विद्यार्थ्यांना रेणुभारांची बेरीज करायला सांगावी : १०२ अधिक १२० अधिक ३६, एकूण २५८. भाजताना ३६ भाग पाणी निघून जाते, उरतात २२२. त्यात ॲल्युमिना १०२, म्हणजे सुमारे ४६ टक्के. म्हणून निव्वळ मातीची वीट कितीही शुद्ध असली तरी तिच्यात यापेक्षा जास्त ॲल्युमिना असू शकत नाही. त्याहून अधिक हवा असेल तर बॉक्साइटसारखे द्रव्य मिसळावे लागते. बाजारातील सामान्य फायर-क्ले विटेत ॲल्युमिना ३० ते ४५ टक्के असते आणि ती १६०० अंशांच्या पुढे जाईपर्यंत मऊ पडत नाही. भाजताना तिच्यात म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात. तिच्या बळाचे एक कारण तेच.

भारतीय मानकांत मध्यम उष्णतेच्या फायर-क्ले विटांसाठी आयएस ६ आणि उच्च उष्णतेच्या विटांसाठी आयएस ८ असे क्रमांक आहेत. चुलाणाला यांपैकी कोणतीही वीट तापमानाच्या दृष्टीने पुरून उरते. निवड करताना अधिक पाहावे ते घट्टपणाकडे. वीट जितकी सच्छिद्र, तितकी राख आत शिरायला वाट मोकळी.

एक गैरसमज

फायर ब्रिक उष्णता अडवते असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती उष्णता सोसते, अडवत नाही. घट्ट फायर-क्ले विटेतून उष्णता लाल विटेच्या साधारण दीडपट ते दुप्पट वेगाने वाहते. उष्णता अडवण्यासाठी वेगळी, हलकी, सच्छिद्र वीट मिळते. तिच्यातील हवेचे कप्पे उष्णतेला अडवतात. काही प्रकार इतके हलके असतात की नवी वीट पाण्यावर तरंगते. पण ही वीट मऊ असते आणि जाळाचा, राखेचा व लाकडाच्या धक्क्यांचा मार तिला सोसत नाही. म्हणून भट्टीत जाळाकडे घट्ट वीट आणि तिच्या पाठीशी हलकी वीट, अशी जोडी लावतात. गुऱ्हाळात महागडी हलकी वीट नसली तरी पाठीशी लाल विटेचा थर आणि त्यामागे कोरडी माती असली तरी बरेच काम भागते. माती कोरडी हवी, हे महत्त्वाचे. ओली माती उष्णता झपाट्याने ओढून घेते.

मग घरच्या चुलीला किंवा आंघोळीच्या पाण्याच्या चुल्याला फायर ब्रिक लावावी काय? एक हिशेब पाहा. २३० × ११५ × ७५ मिमी. मापाची एक वीट सुमारे ४ किलो भरते. ती सरासरी ३०० अंशांनी तापवण्यास १२०० किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या सरपणातून दर किलोला सुमारे १६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे एका विटेला ७५ ग्रॅम सरपण आणि १६ विटांच्या चुलीला सव्वा किलोच्या आसपास, तेही भाकरी तव्यावर पडण्याआधी. अर्धा-पाऊण तास पेटणाऱ्या चुलीला हे परवडत नाही. भुसा आणि काड्या मळून केलेल्या मातीची हलकी चूल तिथे बरी. दिवसभर पेटते राहणाऱ्या चुलाणात, भट्टीत किंवा तंदूरमध्ये मात्र सुरुवातीची ही भरपाई लवकर होते. घरात फायर ब्रिक लावायचीच असेल तर जाळ थेट लागतो तेवढ्याच भागात, आणि वीट आडवी न ठेवता उभी, म्हणजे ७५ मिमी. जाडीत लावावी.

वीट बसवताना

पहिला नियम : सांध्यात सिमेंट नको. सिमेंट घट्ट होते ते पाणी शोषून. तापवल्यावर ते पाणी निघून जाते, त्यातील चुन्याचा कळीचा चुना होतो आणि हंगामानंतर पावसाळी हवेत तो फुगून सांधा फोडतो. शिवाय चुना हा द्रावक, म्हणजे विटेच्या उरावर आपणच शत्रू बसवल्यासारखे होते. सांध्याला फायर-क्लेचाच माल वापरावा. नुसती माती वाळताना आकसते, म्हणून तिच्यात जुन्या फायर ब्रिकचा बारीक चाळलेला चुरा मिसळतात. हा चुरा एकदा भाजून आकसलेला असतो, तो पुन्हा आकसत नाही.

दुसरा नियम : सांधा जितका पातळ तितका चांगला, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. घरबांधणीतल्यासारखा थापीने जाड थर पसरू नये. माल ताकासारखा दाटसर पातळ करून विटेचा पृष्ठभाग त्यात बुडवावा, वीट जागेवर घासून बसवावी आणि लाकडी ठोकळ्याने ठोकावी. लाल विटेप्रमाणे फायर ब्रिक पाण्यात भिजत घालू नये. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. गोल चुलाणात पाचरीच्या आकाराच्या विटा मिळाल्या तर उत्तम, नाही तर विटा घासून किंवा कापून सांधे जुळवावेत. रुंद फट मालाने बुजवली तर राख नेमकी तिथूनच आत शिरते.

तिसरा नियम : फुगायला जागा ठेवावी. फायर-क्ले वीट दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे साडेपाच दशलक्षांश भागाने वाढते. दोन मीटर लांबीची भिंत ९०० अंशांनी तापली तर वाढ सुमारे १० मिमी. भरते. तिला वाव दिला नाही तर भिंत पोट काढते. यासाठी ठरावीक अंतरावर सांध्यात मालाऐवजी पुठ्ठा घालतात. तो जळून जातो आणि हवी तेवढी फट उरते. काहिलीच्या कडेलाही अशी जागा लागते, कारण लोखंड विटेच्या दुपटीहून अधिक फुगते.

विटा कापताना उडणारी धूळ निरुपद्रवी नाही. तिच्यातील सिलिकेचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे फुप्फुसांत साठले तर सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. वीट ओली करून कापावी आणि कापणाऱ्याने धूळ रोखणारा मास्क लावावा. साध्या रुमालाने हे कण पुरेसे अडत नाहीत. कापताना ओली झालेली वीट पुढे पूर्ण वाळू द्यावी.

पहिला जाळ

आता घाईची गोष्ट. ग्राहकांची गाड्यांतून आलेली मोळी दारात उभी, आणि चुलाण कालच पुरे झालेले. अशा वेळी पहिल्याच दिवशी भरभक्कम जाळ घालण्याचा मोह होतो. विटेत काय घडते ते पाहा. फायर ब्रिकमध्ये सुमारे २० टक्के जागा सूक्ष्म छिद्रांची असते. दोन लिटर आकारमानाच्या पूर्ण भिजलेल्या विटेत ४०० ग्रॅम पाणी मावते. एका ग्रॅमची वाफ होताना ती सुमारे १.७ लिटर जागा मागते, म्हणजे एका विटेतून ६८० लिटर वाफ बाहेर पडायची असते. ती हळूहळू निघाली तर काही बिघडत नाही. पण तासाभरात निघायची ठरली तर वाट फोडून निघते.

म्हणून नवे चुलाण आधी चार-पाच दिवस सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावे. मग एक पूर्ण दिवस नुसता गवताचा, काटक्यांचा मंद जाळ ठेवावा. भिंतीतून ओलसर वाफ निघणे थांबले की तासाला ३० ते ५० अंश या चालीने जाळ वाढवावा. मोजायला साधन नसते, तेव्हा दर तासाला थोडेच इंधन वाढवणे हेच माप. ५७३ अंशांच्या सुमारास क्वार्ट्‌झ हे खनिज आपली रचना बदलते आणि एकदम फुगते. मालात वाळू असेल किंवा पाठीशी लाल वीट असेल तर हा टप्पा विशेष सावकाश ओलांडावा. विटांवर मंद तांबूस झाक दिसू लागते तेव्हा आपण या टप्प्याच्या आसपास आहोत असे समजावे.

राखण

चिपाडाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, पण तिच्याबरोबर पोटॅशही असते. पोटॅश आणि सिलिका यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण ८०० अंशांच्या आतच वितळते. १६०० अंश सोसणारी वीट हजार अंशांच्या चुलाणात ओघळते, त्याचे कारण हेच. वितळलेली राख विटेत मुरते, तिथल्या ॲल्युमिनाशी संयोग पावून नवी खनिजे बनवते. ती जास्त जागा व्यापतात आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो.

यावर उपाय साधा आहे. राख रोजच्या रोज काढावी. तिचे खडे भिंतीला चिकटलेले दिसले तर जाळ शांत झाल्यावर लांब दांडीच्या खुरपणीने हलकेच सोडवावेत. पूर्ण थंड होऊन दगड झाल्यावर घणाने फोडले तर राखेबरोबर वीटही निघते. तापलेल्या चुलाणावर पाणी कधीही मारू नये. बाहेरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि वीट तडकते.

केसाएवढ्या भेगा बुजवण्याच्या भानगडीत पडू नये. भिंत तापली की त्या मिटतात. थंड असताना त्यांत माल कोंबला तर फुगणाऱ्या विटेची जागाच हिरावली जाते. बोट जाईल एवढी भेग मात्र साफ करून फायर-क्लेच्या मालाने भरावी. काचेसारख्या झालेल्या भागावर लिंपण टिकत नाही. तो थर छिन्नीने काढावा किंवा ती वीटच बदलावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, हंगाम संपला की चुलाण झाकावे, धुराड्यावर झाकण ठेवावे आणि भोवती चर काढावा. जून ते ऑक्टोबर या काळात उघडे राहिलेले चुलाण हंगामाच्या पहिल्या दिवशी जेवढे फुटते, तेवढे पूर्ण हंगामात झिजत नाही.

वर्गात करण्याजोगे

लाल विटेचा आणि फायर ब्रिकचा प्रत्येकी एक तुकडा वाळवून तोलावा, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोलावा आणि कोणी किती टक्के पाणी प्यायले ते काढावे. गावच्या काळ्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब शिक्षकांनी स्वतः टाकून दाखवावेत. फसफस झाली तर त्या मातीत चुनखडी आहे. बर्फात थोडे थोडे मीठ मिसळत तापमापकावरची नोंद घ्यावी आणि आलेख काढावा. जवळ गुऱ्हाळ असेल तर हंगाम संपल्यावर चालकाच्या परवानगीने थंड चुलाण पाहायला जावे आणि प्रत्येक खराब विटेपुढे एकच प्रश्न विचारावा : हिला राखेने मारले, पाण्याने की घाईने? चकाकी व ओघळ असतील तर राख, दर्शनी पापुद्रे सुटले असतील तरी बहुधा राखच, आरपार तडा असेल तर पाणी किंवा घाई. विद्यार्थ्यांनी केलेली अशी मोजदाद पुढच्या हंगामापूर्वी चालकाच्या हाती दिली, तर कोणत्या भिंतीला काय हवे हे त्याला गवंड्यालाही सांगता येईल.